पाचाचं घर

घोडविंदे सरांनी तिसरा पंचकोन फरशीवर आपटला आणि गुडघ्यांवर तसेच उभे राहून आठवी 'ब'कडे पाहिलं.

"बसला?"

"नाय बसला!" अख्खा वर्ग ओरडला. बाकांवर कुणीच नव्हतं. मुलं सरांभोवती कोंडाळं करून उभी होती आणि मागच्यांनी पुढच्यांच्या खांद्यांवर हनुवट्या टेकल्या होत्या.

"फट किती उरली?"

"छत्तीस अंश!"

"चौथा घालू?"

"मावत नाय!"

"मग या बाबाचं करायचं काय?" सरांनी पंचकोन उचलून वर धरला. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी स्वतः कापलेला, लाल घोटीव कागद चिकटवलेला, एकेक कोन मोजून एकशे आठ अंशांचा. "दिसायला राजबिंडा! पण तीन ठेवले तर फट, चार ठेवले तर हाणामारी. फरसबंदीच्या परीक्षेत पंचकोन काय झाला?"

"नापास!"

"आता या, षटकोनराव." सरांनी तीन षटकोन फटाफट एकमेकांना भिडवले. "एकशेवीस त्रिक?"

"तीनशे साठ!"

"मुंगीला पाय ठेवायला जागा आहे का?"

"नाय!"

घोडविंदे सरांचा तास हा असा असायचा. शेजारच्या वर्गात इतिहासाच्या बाई दार लावून घ्यायच्या. महिपत घोडविंदे म्हणजे त्रेपन्न वर्षांचा, धसईचा, घरी दोन एकर भात असलेला गडी. पण मुलांत शिरला की वय विसरायचा. धसईहून एसटीनं चढावर पाऊण तास गेलं की सावरखांड लागतं, तिथल्या शाळेत ते सव्वीस वर्षं गणित शिकवत होते.

त्या दिवशी गोंगाट ओसरल्यावर मागून एक बारीक आवाज आला.

"सर, ही नक्षी आमच्या कोंबड्यांवर हाय."

वर्ग खो खो हसला. बोलणारी लहानी मेंगाळ, वरच्या ठाकरवाडीतली. वर्षभरात तिनं हजेरीला 'हजर' म्हटलं तेवढंच. हशा ऐकून ती ओढणीत तोंड लपवायला लागली.

"हसायचं काम नाही!" सर म्हणाले. "कोंबड्यांवर म्हणजे गं?"

"म्हंजे डालग्याला. कोंबड्या झाकतो त्या. आई ईनते."

सरांना दम कुठला? शाळा सुटल्या सुटल्या ते लहानीच्या पाठोपाठ वाडी चढून गेले. अंगणात बांबूचं डालगं पालथं घातलं होतं आणि आत एक कोंबडी बसली होती. सर त्याच्यापुढे मांडी घालून बसले. बांबूच्या चपट्या कांबी तीन दिशांनी एकमेकींच्या खालून-वरून गेल्या होत्या. त्यांच्यामध्ये सहा बाजूंची मोठी घरं आणि त्या घरांच्या मध्ये इवली इवली तिकोनी घरं. एकाला एक लागून, सगळीकडे तेच. सर बोटानं कडा मोजत राहिले. ते फक्त बाजू पाहत होते, वर बुडाकडे बघायचं त्यांना सुचलं नाही.

लहानीची आई रंगू कोयता हातात घेऊनच बाहेर आली.

"मास्तर, कोंबडी पायजे का?"

"कोंबडी नको, लहानीची आई! मला ही विण पाहिजे!"

आता यात एवढं हुरळण्यासारखं काय, असं कुणी विचारेल. तर त्याला कारण होतं, आणि ते सरांनी कधी लपवलंही नव्हतं. मुरबाडला दर डिसेंबरात तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन भरायचं. गणिताच्या विभागात सर ओळीनं अकरा वर्षं काही ना काही घेऊन गेले होते, आणि अकरा वर्षं 'सहभागाबद्दल' असा कागद घेऊन परतले होते. एका वर्षी तर कागदावर 'गोडविंदे' छापून आलं होतं. पहिल्या आलेल्या प्रतिकृतीच्या मार्गदर्शकाचा ठाण्याला व्यासपीठावर सत्कार होतो, नाव माईकवरून पुकारतात. सरांना तो सत्कार हवा होता. निवृत्तीच्या आत एकदा तरी हवा होता. जेवताना हवा होता, भात लावताना हवा होता. बायको म्हणायची, शाल हवी तर बाजारातून आणते, पण तेवढं नाव काढू नका.

"सहा फूट बाय सहा फूट!" दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात जाहीर केलं. "बांबूची एकच सपाट जाळी. सगळी षटकोनाची फरसबंदी. भिंतीवर टांगायची. मुरबाडवाल्यांनी पुठ्ठे आणावेत, आपण बांबू नेऊ!"

रंगूनं कांबी सोलून दिल्या. वाडीतल्या चार मुली विणायला बसल्या, पण खरा हात लहानीचा. वर्गात खाली मान घालून बसणारी पोर कांबी हातात आल्यावर वेगळीच दिसायला लागली. ती बाकीच्यांना दटावू लागली. "अगो, खालून घे. खालून! डोळे कुठं हायेत तुजे?" सर खुर्ची उलटी करून तिच्यापुढे बसत आणि टाळ्या देत.

शुक्रवारी मध्यान्हानंतर सरांना कार्यालयात टपालाचं काम निघालं. तासाभरानं परत येऊन पाहतात तर जाळीचा मधला भाग जरासा वर आलेला.

"ओल्या कांबी आहेत," सर म्हणाले. "वाळल्या की बसेल."

शनिवारी ती आणखी वर आली. सरांनी शिपाई वाळूला हाक मारली आणि जाळीवर चार बाकडी ठेवली. बाकडी काढली की मधला भाग पुन्हा वर. मग सर म्हणाले, या खोलीची फरशीच वाकडी आहे. जाळी सातवीच्या वर्गात नेली, तिथून मुख्याध्यापकांच्या खोलीत. तीन खोल्यांत तीन फरश्या, आणि तिन्हीकडे पोट तेवढंच सुटलेलं.

"नाचता येईना अंगण वाकडं," वाळू पुटपुटला आणि बाकडं उचलायच्या निमित्तानं लांब सरला.

शनिवारी शाळा सुटताना सरांनी जाळीवर दगड रचले आणि रविवारभर धसईत उगाच येरझाऱ्या घातल्या. सोमवारी सकाळी दगड बाजूला घरंगळलेले होते, आणि जाळी सुखानं ढेरी काढून बसली होती.

तेव्हा कुठे सर खाली बसले आणि खडू घेऊन एकेक घर मोजू लागले. सहा. सहा. सहा. मुलं श्वास धरून बघत होती. जाळीच्या मधोमध, जिथून पोट सुटायला सुरुवात झाली होती, तिथं खडू थांबला. एक, दोन, तीन, चार, पाच. सरांनी चष्मा पुसला आणि पुन्हा मोजलं. पाचच.

"हे कुणी केलं?"

मुलं एकमेकांकडे बघू लागली. मग लहानी उठली.

"म्या, सर."

"मुद्दाम?"

"नाय, सर. हात गेला." तिचा आवाज खोल गेला होता. "सात घरं झाली का एक कांब गाळायची असती. आई तसंच करते. मंग ते घर पाचाचं व्हतं. मी बोलत व्हते काजलशी, न् सात झाली, न् हात गेला."

"अगं पण पंचकोन! मी तुला... फरशीवर घालून दाखवला ना तो बसत नाही म्हणून! तीन दिवसांवर मुरबाड आलंय आणि तू त्याच्या पोटात पंचकोन घालून ठेवलास?" सरांचा आवाज चढला तसा वर्ग गपगार झाला. सर कुणावर ओरडलेले मुलांनी पाहिले नव्हते. लहानीच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं. ते पाहून सरांना स्वतःचीच लाज वाटली, पण जाळीचं काय करायचं ते समजेना. एक कांब ओढावी तर शेजारच्या दहा ढिल्या होत.

"चल," ते म्हणाले. "तुझ्या आईकडून उसवून घेऊ."

दोघांनी जाळी डोक्यावर धरली आणि वाडीची वाट चढली. पोरीपेक्षा मास्तरचंच तोंड जास्त रडवेलं होतं. रंगू अंगणात कांबी सोलत होती. तिनं जाळी खाली ठेवायला लावली, मधल्या घरावर अंगठा फिरवला आणि लेकीकडे बघून हसली.

"बराबर तं घातलंय पोरीनं. सातावर पाच."

"बरोबर?" सर जवळजवळ किंचाळले. "लहानीची आई, फुगलीय ती!"

"मंग? फुगायलाच घालत्यात ना! पाचाचं घर नाय घातलं तं ती झाली चटई. चटईखाली कोंबडी कशी ऱ्हाईल, मास्तर?"

 सरांनी अंगणातलं डालगं उचललं. आतली कोंबडी केकाटत पळाली. डालगं मांडीवर आडवं घेऊन त्यांनी त्या दिवशी न पाहिलेलं बूड पाहिलं. मधे सहाची घरं, आणि कडेला, जिथून डालगं खाली वळत होतं, तिथं पाचाचं एक घर. त्यापुढे आणखी एक. आणखी एक.

"सहा आहेत!" ते म्हणाले. "पाचाची घरं सहा!"

"सहाच घालायची. सहा झाली का मंग बाजू सरळ खाली येते. फुडं सगळी सहाचीच."

"कोनमापक काढ!" सर लहानीवर ओरडले, पण हे ओरडणं निराळं होतं. "दप्तरातला! काढ, काढ!"

ते मातीत उकिडवे बसले आणि काटकीनं आकडे लिहू लागले. जाळीत जिथं दोन कांबी एकमेकींना ओलांडतात, तिथं चार घरं एकत्र येतात, दोन मोठी आणि दोन तिकोनी. एकशेवीस, एकशेवीस, साठ, साठ. बेरीज तीनशे साठ, म्हणून सपाट. आता एका मोठ्या घराच्या जागी पाचाचं घाला. एकशेवीसच्या जागी एकशे आठ.

"तीनशे अठ्ठेचाळीस," लहानीनं मागून उत्तर दिलं. सरांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"किती कमी?"

"बारा, सर."

"बारा कमी! सपाट राहायला तीनशे साठ लागतात आणि आहेत तीनशे अठ्ठेचाळीस. मग ती बिचारी जाळी जाईल कुठं?"

"वर," लहानी म्हणाली.

"वर!" सरांनी काटकी उंच फेकली. "वरच जाणार! तिला दुसरी वाटच नाही! बाकडी ठेव, दगड ठेव, मुख्याध्यापकांना आणून बसव!"

कपड्यांची पर्वा न करता ते तिथंच मातीत नाचले म्हटलं तरी चालेल. रंगू कोयता खाली ठेवून बघत राहिली.

"गो लहाने, मास्तरांना काय चावलं का?"

"नाय आई. गणित सुटलं."

"सव्वीस वर्षं!" सर म्हणत होते. "सव्वीस वर्षं त्या पंचकोनाला वर्गापुढे उभा करून नापास म्हणत आलो मी! आणि इकडे वाडीत त्याच्या जिवावर कोंबड्या राहतायत!" त्यांचे डोळे ओले झाले होते आणि ते हसतही होते. मग एकदम ते थांबले. "लहानीची आई, सहावर थांबलं नाही तर? पाचाची घालतच गेलं तर?"

"तर वळत वळत तोंड बंद व्हईल. न् मंग कोंबडी आत कशी घालायची?"

"कोंबडी मरू दे!"

"मरू दे काय? अंड्यावर हाय ती!"

पण रंगूलाही आता गंमत वाटू लागली होती. इतक्या वर्षांत तिनं तोंड बंद केलेलं डालगं कधी विणलं नव्हतं. कोण कशाला विणेल? तिनं सहा आखूड कांबी घेतल्या आणि सगळी घरं पाचाचीच घालत गेली. माय-लेकी चार हातांनी भराभर विणत होत्या, सर मधे मधे डोकं घालत होते आणि रंगू कोपरानं ते बाजूला करत होती. बघता बघता नारळाएवढा चेंडू झाला आणि मिटला. पाचाची घरं मोजली, बारा भरली.

"हा लहान आहे म्हणून," सर म्हणाले. "मोठ्याला वीस तरी लागतील. पैज!"

मंगळवारी रंगू शाळेत आली. जाळी उसवायचा विचार आता कुणाच्या डोक्यात नव्हता. तीच जाळी पुढे विणत न्यायची ठरली. इतिहासाच्या बाईंनीही दार उघडं ठेवलं. मुलींनी वेण्यांच्या लाल रिबिनी सोडून दिल्या, पाचाचं घर झालं की त्यात एक रिबीन बांधायची. जाळी आधी घमेल्यासारखी झाली, मग उभी राहिली, मग आत वळायला लागली. बुधवारी दुपारी शेवटची कांब अडकवली तेव्हा गोळा मुलांच्या कमरेला लागत होता. सगळी शाळा व्हरांड्यात लोटली. लहानीनं रिबिनी मोजल्या.

"बारा."

"शक्यच नाही." सरांनी मोजल्या. मुख्याध्यापकांनी मोजल्या. काजल म्हणाली, हा गोल आहे म्हणून, वाकडातिकडा करून बघू. मग घाईघाईनं एक दुध्यासारखा लांबोडा विणला, एका बाजूला फुगलेला, बघून हसू यावं असा. त्यालाही रिबिनी बाराच लागल्या. सर हरलेली पैज फेडायला वर्गाला चिक्की आणायला स्वतः धावत गेले.

गुरुवारी गोळा एसटीच्या टपावर बांधला आणि दुध्या काजलनं मांडीवर घेतला. "तुमी पोरं मोडशाल," म्हणत रंगूही बरोबर निघाली. मुरबाडच्या शाळेत सभागृहभर टेबलं लावली होती. थर्मोकोलची धरणं, पवनचक्क्या, लाल दिवा लावलेला ज्वालामुखी. रंगूनं गोळा टेबलावर नीट बसवला, एक निसटती कांब आत दाबली आणि ती बाहेर चिंचेखाली जाऊन बसली. "आत माजं काय काम?" ती म्हणाली.

सरांनी लहानीकडून सगळं घोकून घेतलं होतं. कोन, बेरीज, तूट. आणि शेवटी, "आमचे मार्गदर्शक, श्रीयुत महिपत घोडविंदे सर."

परीक्षक कल्याणच्या कॉलेजात गणित शिकवणाऱ्या बाई होत्या. दमलेल्या दिसत होत्या. पंधरा ज्वालामुखी बघून कोण दमणार नाही? त्या गोळ्यापाशी आल्या आणि थांबल्या. लहानीनं खाली मान घालून पाठ केलेलं म्हणायला सुरुवात केली, तीनशे अठ्ठेचाळीसपर्यंत पोचली आणि अडखळली. सर मागून ओठ हलवून पुढचे शब्द पुरवू लागले.

"या रिबिनी कशाच्या?" बाईंनी विचारलं.

"पाचाच्या घराच्या. बारा हायेत. लहान गोळ्याला बी बारा, मोठ्याला बी बारा."

"बाराच का? तेरावं घातलं तर?"

सर पुढे सरसावले. "त्याचं असं आहे, बाई..."

"सर, मी तिला विचारलंय."

लहानीनं सरांकडे पाहिलं, मग गोळ्याकडे. घोकलेल्यात हे नव्हतं. मग तिनं सरळ परीक्षकबाईंचा हात धरला आणि गोळ्यावर ठेवला.

"हितून सुरू क्येलं. हे येक, सपाट होतं ते उठलं. असं सहा झाली का आर्ध झालं, कड सरळ उभी. सात घातलं का कड आत वळाया लागती. आठ, नऊ. दर पाचाला थोडी थोडी जागा सरती. हे बारावं. हितं तोंड मिटलं." तिनं बाईंचं बोट शेवटच्या रिबिनीवर टेकवलं. "तेरावं घालाया जागाच उरत नाय, बाई."

बाई गोळ्यावर वाकल्या. गोळा हळूहळू फिरवत राहिल्या. मग त्यांनी पर्स खाली ठेवली, खुर्ची ओढून घेतली आणि लांबोडा दुध्या हातात घेऊन स्वतः रिबिनी मोजल्या.

"हे सांगायला मी कॉलेजात दोन फळे भरून लिहिते," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा फुलला होता. "कुणी शिकवलं तुला?"

"आमचे मार्गदर्शक, श्रीयुत महिपत घोडविंदे सर," लहानीनं एका दमात सांगून टाकलं. शाबासकीसाठी तिनं सरांकडे पाहिलं.

सर हसले. पण त्यांच्या कानशिलांना एकदम ऊन लागल्यासारखं झालं. खिडकीतून चिंचेखालची रंगू दिसत होती. ती पायाशी पडलेल्या काड्या उचलून त्यांचं उगाच काहीतरी विणत होती.

चार वाजता निकाल लागला. गणित विभाग, प्रथम क्रमांक, माध्यमिक शाळा, सावरखांड. काय विचारता! वाळूनं शिट्टी मारली, काजलनं लहानीला उचललं, सरांनी शेजारच्या ज्वालामुखीवाल्या मास्तरांना मिठी मारली. बारा वर्षांनी त्यांचं नाव माईकवरून पुकारलं जाणार होतं. त्यांच्या डोळ्यांपुढे ठाण्याचं व्यासपीठ आलं, शाल आली, पहिल्या रांगेत बायको आली. त्यांना ते सगळं अजूनही तितकंच हवं होतं.

कारकून फॉर्म घेऊन आला. "सर, इथं भरा. यावरूनच प्रमाणपत्रं लिहिणार आणि ठाण्याला यादी जाणार. विद्यार्थी, दोन ओळी. खाली मार्गदर्शक. नीट भरा, मग बदलून मिळत नाही."

सरांनी विद्यार्थ्यांच्या पहिल्या ओळीत लहानीचं पूर्ण नाव लिहिलं. इयत्ता आठवी 'ब'. मग पेन खाली मार्गदर्शकाच्या ओळीवर नेलं आणि तसंच धरून बसले. कारकुनानं दोनदा घड्याळ पाहिलं. लहानी टेबलाच्या कडेला उभी राहून फॉर्म उलट्या बाजूनं वाचत होती.

सरांनी एक मोठा श्वास घेतला आणि सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं.

कारकुनानं कागद फिरवून वाचला. "रंगू राघो मेंगाळ. या कोण? शाळेत नवीन बाई आल्या का?"

"बाहेर बसल्यात. चिंचेखाली."

"सर, ठाण्याला सत्कार या ओळीतल्या नावाचाच होतो. आधीच सांगतो."

"ठाऊक आहे. अकरा वर्षं ठाऊक आहे."

"आणि मग तुमचं नाव कुठंच राहत नाही की!"

"असं कसं?" सर म्हणाले. त्यांनी कागद पुन्हा पुढे ओढला आणि लहानीच्या नावाखालच्या रिकाम्या ओळीत झरझर काहीतरी लिहिलं. लहानीनं ते उलटं वाचलं आणि तोंडावर हात घेतला.

कारकुनानं चष्मा कपाळावर सरकवला. "सर, ही विद्यार्थ्यांची जागा आहे."

"हो ना."

"इथं इयत्ता भरावी लागते."

"मग भरा की," सर म्हणाले. "आठवी 'ब'."